दुसरा गवाह

सांदणांचं पीठ आंबायला घालून मी हात धुतले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की चांद अजून कुणी बघितलेलाच नाही. एकोणतिसावा रोजा चालला होता. मगरिबला, दिवस मावळल्यावर, चांद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. शहाणी बाई असती तर संध्याकाळपर्यंत थांबली असती. पण सांदणांना थांबणं माहीत नाही. तांदळाचा रवा नारळाच्या पाण्यात रात्रभर फुगावा लागतो, आणि एप्रिलच्या उकाड्यात एकदा फुगला की तो दुपारपर्यंत आंबट ढाण होतो. ईदच्या सकाळी वाफाळलेली सांदणं पाहिजेत तर चांदाच्या आधीच पीठ घालावं लागतं. दर वर्षी मी हा जुगार खेळते. सासू होती तोवर हरल्यावर तिच्या शिव्या खायची, आता मीच मला घालते.

त्या वर्षी रमजान आणि आंब्याचा हंगाम एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते. याकूब, म्हणजे माझा नवरा, आंबे काढायच्या कामाला जातो. नाव घेते मी त्याचं, सासू असती तर तोंडावर हात ठेवला असता. पहाटे सहरी करून तो वर कातळाच्या सड्यावर जायचा ते मगरिबलाच परतायचा. दिवसभर उन्हात झाडावर उभं राहायचं, हातात घळ धरायची. घळ म्हणजे लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं. आंबा देठासकट जाळीत पडला पाहिजे, नाही तर चीक उडतो. तो चीक उडून याकूबच्या गालावर आणि मनगटावर काळे डाग पडले होते. घशाखाली थुंकी उतरत नाही आणि समोर झाडभर आंबे. मी म्हटलं होतं, हंगामापुरते काही रोजे सोडा, नंतर भरून काढा. त्यावर तो नुसता हसला आणि तोंड धुवायला गेला.

त्याच्या जोडीला काशीराम. काशीराम संगमेश्वराकडचा, शेतकरी माणूस, दर हंगामात आमच्याकडे येऊन राहतो. आमच्या पडवीत त्याची चटई असते. त्या एकोणतिसाव्या रोज्याला त्याचा पाडवा होता. घरच्या गुढीचा फोटो मुलीने फोनवर पाठवला होता, तो त्याने मला दोनदा दाखवला. सण म्हणून घरी थांबा म्हटलं तर म्हणाला, आंब्याची गाडी पाडवा बघून सुटत नाही. गडी महिनाभर याकूबसमोर पाणीसुद्धा प्यायला नाही. बाटली घेऊन झाडामागे जायचा, आणि मी चिडवायची की तुम्ही अर्धे रोजे धरलेत, आता अर्धी ईद तुमची.

आता पाखाडीचं सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. आमच्या घराला लागून उंडीचं जुनं झाड आहे. त्या झाडाकडून चिऱ्याच्या पायऱ्यांची एक पाखाडी खाली कब्रस्तानात उतरत होती. माझे सासू-सासरे दोघेही त्याच पाखाडीने गेले. मागच्या दिवाळीनंतर शरफूशेठने तिथे चिऱ्याची भिंत घातली, पायऱ्या उखडल्या, माती लोटली आणि जागा आपल्या कलमांच्या बागेत घेतली. शरफूशेठ म्हणजे आमच्या जमातीचा अध्यक्ष. तेव्हापासून मय्यत निघाली की खांदेकरी डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घालतात. तलाठी चौकशीला आला तेव्हा शेठने सांगितलं, इथे पाखाडी कधी नव्हतीच. गावातले सगळे बाप्ये खाली बघत उभे राहिले. कुणाला त्याच्या बागेत काम होतं, कुणाला त्याची गाडी लागत होती. एकटा याकूब पुढे झाला आणि म्हणाला, पाखाडी होती, मी लहानपणापासून तिच्यावरून उतरलोय. तलाठ्याने विचारलं, आणखी कोण सांगतो? कुणीच नाही. एक माणूस एकीकडे आणि अख्खा गाव गप्प. ईद झाली की तहसीलदारांची माणसं जागेवर येणार होती, आणि त्यांच्यापुढे याकूबचा शब्द किती टिकतो यावर ती पाखाडी अवलंबून होती. शेठने तेव्हापासून त्याला एकच नाव ठेवलं होतं, झूटा गवाह.

त्या संध्याकाळी आभाळ गढूळ होतं. समुद्राच्या वर धुरासारखा पट्टा बसला होता. मशिदीच्या पटांगणात बाप्ये माना उंच करून उभे होते, आम्ही बायका अंगणात. मीसुद्धा बघितलं. माडांच्या शेंड्यांच्या मध्ये, भिंतीच्या वर, जिथे चांद असायला पाहिजे तिथे डोळे दुखेपर्यंत बघितलं. काही दिसलं नाही. अजान झाली, मी खजूर तोंडात टाकला आणि मनातल्या मनात पिठाला रामराम केला.

तेवढ्यात याकूब धावत आला. मी ह्या माणसाला कधी धावताना बघितलेलं नव्हतं. पायात चप्पल नाही, सदरा पाठीला चिकटलेला, केसात आंब्याचा पाला. चेहरा मात्र असा की महिनाभराचा थकवा कुणी पुसून काढावा. मला म्हणाला, चांद झाला, आणि तसाच मशिदीकडे गेला. मागून काशीराम धापा टाकत.

काशीरामने पडवीत बसून मला सगळं सांगितलं. सड्याच्या टोकाचं शेवटचं कलम काढून होत आलं होतं. अजान ऐकू आली तेव्हा याकूब शेंड्यात होता, खिशातला खजूर त्याने तिथेच खाल्ला. खाता खाता समुद्राकडे बघितलं तर त्या धुरकट पट्ट्याच्या वरच्या अंगाला बारीकशी रेघ. त्याने काशीरामला वर बोलावलं, काही न सांगता. काशीराम चढला, बोटाच्या रोखाने बघत राहिला आणि म्हणाला, ही कोर हाय काय? मग ती पट्ट्यात शिरली आणि संपली.

"आमची बीजेची कोर उद्या," काशीराम म्हणाला. "पन आज हुती, भाबी. मी सवता बगिटलंय. भाताच्या पात्यागत हुती, आडवी."

मग तो उठला आणि मशिदीकडे गेला. आत जाणं त्याचं काम नव्हतं, म्हणून बाहेर, उघड्या दारासमोरच्या दगडी गडग्यावर बसून राहिला. आत काय झालं ते मला त्याच्याकडूनच कळलं, कारण याकूब त्यातलं एक अक्षर बोलला नाही.

आमच्या जमातीत ईदच्या चांदाला दोन गवाह लागतात. दोन बाप्ये, आपल्यातले, ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल असे. फोनवर कुठकुठली ईद जाहीर झाल्याचे निरोप येत होते, पण आपल्या आभाळाचं आपणच बघायचं ही आमच्याकडची रीत. इमामसाहेब तरुण माणूस, भटकळकडचे, त्याच वर्षी आलेले. त्यांनी याकूबला नीट विचारलं, कुठे होता, कोणत्या बाजूला, किती वेळ. मग विचारलं, दुसरा कोण? याकूब म्हणाला, काशीराम. तेव्हा लोक हसले. हसण्यात तसा वाईटपणा नसेलही, पण याकूबचं तोंड उतरलं. तिथवर ठीक होतं, एकाच्या गवाहीवर ईद होत नाही हा नियम आहे आणि नियमाला आम्ही काही म्हणत नाही. पण शरफूशेठ उठला. म्हणाला, एकाचं सोडा, ह्याच्यासारखे दहा आले तरी चालणार नाहीत, हा मनाला येईल ते बघतो, कधी पाखाडी बघतो, कधी चांद. पुन्हा लोक हसले. या वेळचं हसणं ऐकून काशीरामने गडग्यावर मान खाली घातली.

उद्या रोजा, असं भोंग्यावरून सांगितलं गेलं. बाहेर पडताना इमामसाहेबांनी याकूबला गडग्याजवळ बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, ज्याने स्वतः चांद बघितला त्याला उद्या रोजा नाही, ईदला रोजा धरणं हराम आहे. पण घरात खा, दार लावून खा, लोकांत बोभाटा करू नका.

याकूब घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. मी वाढत होते. वाढता वाढता उद्याचा हिशेब घालत होते. तो जेवेल, त्याने बघितलाय. पण मी? मी बघितलेला नाही. चांद झाला असेल आणि मी रोजा धरला तर गुनाह. झाला नसेल आणि मी खाल्लं तर त्याहून मोठा गुनाह. दोन्हीकडे जहन्नम, मध्ये मी आणि माझं पीठ. एकाच घरात नवऱ्याची ईद आणि बायकोचा रोजा, असं कधी ऐकलं होतं का कुणी?

शेवटी मी विचारलंच. "नक्की चांदच होता ना? ढगाची कड नाय ना?"

त्याचा घास तसाच राहिला. "तू पन?" एवढंच म्हणाला. ताट अर्धं सोडून उठला आणि पडवीत काशीरामशेजारी जाऊन पडला.

सहरीला भोंगा वाजला तेव्हा मी चुलीपाशी होते. मोहल्ल्यात दिवे लागले, भांडी वाजायला लागली. याकूब उठला नाही. मी भाकरी टाकली नाही, चहा ठेवला नाही. पाण्याचा पेला तेवढा हातात धरून बसले. आमच्यात रोज्याची नियत पहाटेच्या अजानच्या, फजरच्या आत करावी लागते. नियत केली नाही तर दिवसभर उपाशी राहिलं तरी तो रोजा नाही, ती नुसती उपासमार. उद्याच्या रोज्याची नियत करते, एवढं एक वाक्य मनात म्हणायचं होतं. महिनाभर ते आपोआप ओठांवर येत होतं. मी टोपावरचं झाकण काढून बघितलं. पीठ काठापर्यंत फुगून आलं होतं, वर बुडबुडे फुटत होते.

मला त्याचा चेहरा दिसत होता, धावत आला तेव्हाचा. सतरा वर्षं मी त्या माणसाशी संसार केला. तो चिडतो, रुसतो, बाजारातून सांगितलेली वस्तू हटकून विसरतो. पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात आणि तो चप्पल शोधायला लागतो. त्या संध्याकाळी त्याला चप्पल आठवलीसुद्धा नव्हती.

फजरची अजान झाली. मी ते वाक्य म्हटलं नव्हतं. झालं, आता परत फिरता येणार नव्हतं. मी पेल्यातलं पाणी प्यायले. ते उजाडतानाचं पाणी घशातून उतरताना अंगावर काटा आला, खरं सांगते. मग वाट्यांना तूप लावलं, पीठ ओतलं आणि टोप चुलीवर चढवला.

वासाने याकूब उठला. सांदणांचा वास काही लपत नाही, नारळाच्या दुधाचा आणि वाफेचा वास, आमच्याकडे पोरंटोरंसुद्धा त्या वासाला ईदचा वास म्हणतात. तो दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्यापुढे ताटली ठेवली, माझ्यापुढे ठेवली. त्याने पहिलं सांदण मोडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. ईदला आम्ही असे एकमेकांना भरवणारे नव्हे. मला रडू आलं, आणि रडत रडतच मी ते खाल्लं. काशीरामला हाक मारली तर तो म्हणाला, मला पन धरा ना मग तुमच्यात, बगिटलेला आमी दोगांनी हाय. त्याने चार खाल्ली आणि पाडव्याची म्हणून घरून एसटीने आलेली गुळाची पोळी फडक्यातून काढून आमच्यापुढे ठेवली. दार लावलेलं होतं. पण खिडकी मी उघडी ठेवली होती. वाफ कुठेतरी जायला पाहिजे ना.

वाफ गेली ती नेमकी जायची तिथे. ऊन वर आलं तसा शरफूशेठ अंगणात येऊन उभा राहिला, बरोबर जमातीतले दोघं. याकूब आणि काशीराम सड्यावर गेलेले, घरात मी एकटी. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले. टोप आणि उष्ट्या ताटल्या घासायला पडवीत काढून ठेवल्या होत्या. शेठने त्या बघितल्या. उपाशी माणसाचा आवाज कोरडा असतो, त्याचा तसा होता.

"रोज्याच्या दिवशी सांदणं?" तो म्हणाला. "चांद तू बगितलास, मैमुना?"

"नाय, शेठ."

"मंग काय बगून खाल्लंस?"

खांबाला धरून मी उभी राहिले. "चांद नाय बगितला. झाडावरना आले तेव्हा ह्यांचा तोंड बगितला. माला तेवढा पुरला."

बरोबरच्या दोघांपैकी एकाने खाली बघितलं. शेठ म्हणाला, त्या तोंडाचा जबाब खुदाला तू दे आणि तहसीलदाराला मी देतो. रोजा मोडून खाणाऱ्या घराची गवाही सरकारात कोण धरतं तेच बघतो. माझ्या अंगणातून परत जाताना त्याने उंडीच्या झाडाखाली थुंकी टाकली, रोजाईत माणूस थुंकी गिळत नाही म्हणून की आणखी कशासाठी, ते त्यालाच ठाऊक.

दुपारपर्यंत मोहल्ल्यात ते पसरलं होतं. विहिरीवर मी गेले तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. एकीने माझी कळशी बाजूला सरकवली, फार नाही, वीतभर. मी पाणी न भरता परत आले. संध्याकाळी याकूबला हे सांगितलं नाही, पण त्याला कळलं होतं. म्हणाला, माझ्यापायी तुला. मी म्हटलं, तुमच्यापायी नाही, माझी नियत माझी.

मगरिबनंतर आभाळ स्वच्छ झालं आणि चांद दिसला. चांगला जाडजूड, माडांच्याही वर, सगळ्या मोहल्ल्याच्या डोक्यावर. चांद झाला म्हणून ओरडतात तसं कुणी ओरडलं नाही. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत होती आणि हा दुसऱ्या दिवसाचा वाटतो असं पुटपुटत होती. मला वाटलं, सुटलो. पण इमामसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चांद मोठा दिसला म्हणून तो कालचा ठरत नाही, तीस पुरे झाल्यावर तो मोठाच असतो. माणूस सरळ होता, ज्याच्यासाठी बोलायचं त्याच्यासाठीही खोटं बोलला नाही. शेठने मान डोलावली. म्हणजे याकूब होता तिथेच राहिला. खरं काय ते त्याला, काशीरामला आणि अल्लाहला माहीत. आणि मी ते मानून बसले होते.

ईदची सकाळ. जमातीची ईद. आमच्या घरात सांदण नव्हतं, टोप धुऊन पालथा घातलेला. याकूबने नेहमीचाच धुवट सदरा घातला आणि नमाजाला गेला. मागच्या ओळीत उभा राहिला असणार. नमाजानंतर सगळे बाप्ये अल्लाहू अकबरची तकबीर म्हणत कब्रस्तानात जातात, आपापल्या मेलेल्यांना सलाम करायला. ही फार जुनी रीत. पुढे अध्यक्ष आणि इमाम, मागे गाव. भिंत झाल्यापासूनची ही पहिलीच ईद.

मी अंगणात उभी होते. तकबीरचा आवाज जवळ आला. शरफूशेठ पुढे होता, नवा पांढरा अंगरखा, डोळे मिटल्यासारखे, ओठ हलत होते. एरवी तो ह्या बाजूला पायी येत नाही, बागेत जायचं तर गाडीने वरच्या फाटकातून. लहानपणी मात्र दर ईदला बापाचं बोट धरून ह्याच वाटेने उतरायचा, माझी सासू सांगायची, एकदा तिसऱ्या पायरीवर पडून त्याने दात पाडून घेतला होता. डांबरी रस्ता सरळ पुढे जात होता. उंडीचं झाड आलं. आणि शेठ वळला.

पायच वळले ते, डोकं तकबीरमध्ये होतं. इमामसाहेब त्याच्यामागून वळले, त्यांच्यामागून सगळा गाव वळला, कारण सगळ्यांच्याच पायांना तिथे वळायची सवय होती. पायऱ्या गेल्या होत्या तरी शेठने पायरी उतरावी तसा पाय खाली टाकला, मातीत अडखळला आणि समोरच्या भिंतीवर हात टेकून थांबला. त्याचीच भिंत. मागचे पुढच्यांवर आपटले. तकबीर एकेकाच्या तोंडात विझत गेली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. इमामसाहेब नवे, पाखाडी नेमकी कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी भिंत बघितली, वळलेला गाव बघितला आणि साध्या मनाने विचारलं, "शेठजी, इधर से रास्ता था क्या?"

शेठ भिंतीकडे तोंड करूनच उभा होता. भिंतीपलीकडे खाली कब्रस्तान, त्यात त्याचा बाप. ईदची नमाज होऊन घटका झाली नव्हती. मागे गाव खोळंबला होता, आणि सगळ्यांच्या मागे याकूब, उंच मान करून, काय झालं ते बघत.

"था," शेठ म्हणाला.

हळू म्हणाला, पण मला अंगणात ऐकू आलं, म्हणजे सगळ्यांनाच आलं असणार. मग तो वळला आणि लोकांमधून वाट काढत परत डांबरी रस्त्याकडे निघाला. याकूबपाशी आल्यावर थांबला. गळाभेट घेतली नाही त्याने, तेवढा काही तो बदलला नव्हता. मान वर न करता विचारलं, "परवाचा चांद कसा होता?"

"बारीक," याकूब म्हणाला. "आडवा. भाताच्या पात्यागत."

शेठने मान हलवली आणि पुढे गेला. त्याच्यामागून सगळे गेले, लांबचा वळसा घालून. याकूबने जाता जाता माझ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल नव्हते. मी घरात आले, पालथा टोप सरळ केला आणि पुन्हा सांदणांसाठी रवा भिजत घातला.